खडकावरचे पाणी

पाण्याचे छायाचित्र काढायचे म्हणजे थोडे धाडसच. छायाचित्राचा धर्म थांबवण्याचा आणि पाण्याचा न थांबण्याचा. त्यातून माझा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता. चार इंच बाय पाच इंचांची फिल्म एकेक करून भरायची. डोक्यावर काळे कापड घेऊन काचेत पाहिले, की आभाळ खाली, नदी वर, डावे ते उजवे. हे सांगितले की वर्गातली मुले हसतात. मला मात्र या उलटेपणाचा उपयोग होतो. उलटी नदी ओळखीची वाटत नाही, आणि ओळख सुटली की माणूस नीट पाहू लागतो.

अशा कॅमेऱ्याला जागाही त्याच्या स्वभावाची लागते. मला ती निघोजला मिळाली. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, मळगंगेच्या देवळापाशी, कुकडीने आपल्या पात्रात रांजणखळगे कोरले आहेत. खडक बेसाल्टचा; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तोही लाव्हा होऊन वाहतच आला होता. पुराबरोबर गोटे येतात, एखाद्या खळीत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्यासारखे खडकाला दळतात. खळीचा वाडगा होतो, वाडग्याचा रांजण. दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की पाण्याला नवी वाट. आता वर माणिकडोह, येडगाव ही धरणे झाली. पाणी किती यावे हे पावसाइतकेच त्यांच्या दारांवर ठरते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे जातो आणि सूर्य उगवण्यापूर्वी तिपाई मांडतो. ऊन पडले की ओला काळा खडक आणि पांढरा फेस यांत इतके अंतर पडते, की एकाच फिल्मवर दोघांना न्याय देणे कठीण. भिंगाचे छिद्र बारीक करायचे, भिंग किंचित पुढे झुकवायचे. म्हणजे पायाजवळचा खळगा आणि पलीकडचा काठ दोन्ही रेखीव येतात. मीटर आठ सेकंद सांगतो. पण मंद प्रकाशात फिल्मही आळसावते, तिला सुमारे चौदा द्यावे लागतात. कादंबरीत मी दहा वर्षे एका ओळीत उरकतो. येथे चौदा सेकंद लवकर उरकत नाहीत. तेवढ्यात एक थेंबही जागेवर राहत नाही. चित्रात खडकाची भेग न् भेग उमटते आणि पाण्याचे धुके होते. पाहणारे म्हणतात, “वा! अगदी रेशमासारखे!” ज्याने बेसाल्टला भोके पाडली, ते पाणी इतके मऊ दिसावे याचे मला नवल वाटते.

अशा चित्रात चालता माणूसही उरत नाही. 1838 साली लुई दागेर याने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे चित्र खिडकीतून घेतले. रस्ता वाहता होता. पण प्रकाश काही मिनिटे द्यावा लागला आणि सारी वर्दळ नाहीशी झाली. ठळक उरला एक गृहस्थ, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता. जो थांबला, त्याची नोंद झाली.

शाळामास्तराला हा न्याय परका नाही. आमच्या भागातली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. घरी म्हातारे माणूस नसले तर पोरेही कारखान्याच्या तळावर, कोपीत. हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांमुळे काही मुले गावात राहिली, सगळी नाही. सुट्टी संपून मी हजेरी घेतो. एखाद्या नावाला उत्तर येत नाही. मी क्षणभर थांबतो, पुढचे नाव घेतो. चैत्राच्या आगेमागे त्यांतली काही परत येतात, तोवर वर्ग गुणाकार संपवून भागाकारावर गेलेला असतो. हजेरीपटही माझ्या कॅमेऱ्याच्याच जातीचा. बसून राहील त्याचे नाकडोळे रेखीव. जाईल त्याचे धुके.

परंतु खळग्याच्या काठाशी बसले की या हिशेबाचा संशय येऊ लागतो. चित्रात खडक खरा वाटतो आणि पाणी नसल्यासारखे. पण त्या खडकाला जो आकार आहे, तो सगळा निघून गेलेल्या पाण्याचा आहे. उन्हाळ्यात खळगा कोरडा पडला की कधी तळाशी एखादा गोटा दिसतो, फिरून फिरून वाटोळा झालेला. मास्तर मुलांना घडवतो, असे शिक्षकदिनी दरसाल ऐकतो. वर्षानुवर्षे एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोण घडवते, हे मात्र कोणी बोलत नाही.

एका मुलीने मला पाढ्यांऐवजी मोळ्यांनी गुणाकार करून दाखवला होता. एका मोळीत इतके ऊस, एका गाडीत इतक्या मोळ्या, तर गाडीत ऊस किती? बोटेही न मोडता तिने उत्तर सांगितले. पुढच्या वर्षी ती आली नाही. तिचे छायाचित्र माझ्याजवळ नाही. मात्र तेव्हापासून मी गुणाकार मोळीपासूनच शिकवतो. मुलांना वाटते, ही गुरुजींची पद्धत आहे.