फातिहमधले 'मिसाफिर'

मे 2023 मध्ये उमऱ्याहून परतताना आम्ही तीन दिवस इस्तंबूलला थांबलो. फातिह मशिदीत अस्रची नमाज अदा करून शेजारच्या माल्टा बाजारात शिरलो, तर दुकानांवर अरबी पाट्या, थाळ्यांत शामी मिठाई, वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास. युद्धामुळे 2011 पासून सीरियातून आलेल्यांची ही पेठ.

सरकारने सुरुवातीला त्यांना 'मिसाफिर' म्हटले. शब्द आपल्या मुसाफिरचाच, फक्त तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा. ऐकायला गोड, पण पाहुण्याला हक्क नसतो. 1951 चा निर्वासितांचा करार मानताना तुर्कस्तानने युरोपातून येणाऱ्यांनाच निर्वासित म्हणण्याची अट ठेवली आहे. म्हणून सीरियनांना 2014 च्या नियमांनी मिळाले ते 'तात्पुरते संरक्षण'. दवाखाना, शाळा, ओळखपत्र सगळे मिळते. मुदत मात्र सरकारच्या मर्जीवर.

एर्दोगान भाषणांतून अन्सार आणि मुहाजिरांची आठवण द्यायचे. (मदिनेच्या अन्सारांनी मुदत घातली नव्हती, हे वेगळे.) मदत खोटी नव्हती, पुढे आकडा 37 लाखांवर गेला, एवढ्यांना सामावणे खेळ नव्हे. पण असद लवकर पडेल आणि पाहुणे घरी जातील, असा हिशेबही त्यात होता. तो पडला डिसेंबर 2024 मध्ये. मधल्या काळात हीच माणसे सौद्यात आली. मार्च 2016 मध्ये युरोपशी ठरले: यांना समुद्र ओलांडू द्यायचा नाही, बदल्यात सहा अब्ज युरो. फेब्रुवारी 2020 मध्ये इदलिबमध्ये तुर्की सैनिक मारले गेले, युरोपवर दबाव हवा होता, तेव्हा ग्रीसकडची सरहद्द मोकळी केली.

युरोपही साव नाही. तात्पुरत्या संरक्षणाचा त्यांचा कायदा 2001 पासून पडून होता. सीरियनांसाठी तो निघाला नाही. 2022 मध्ये युक्रेनवाल्यांसाठी आठ-नऊ दिवसांत लागू झाला.

आम्ही होतो तेव्हा अध्यक्षपदाची दुसरी फेरी तोंडावर आली होती. विरोधी उमेदवार किलिचदारोग्लू यांच्या फलकांवर 'सीरियन जातील' असे लिहिलेले. एर्दोगानही दहा लाखांना परत वसवण्याची भाषा करत होते.

हलबच्या एका मिठाईवाल्याला आम्ही मोडक्यातोडक्या अरबीत विचारले, परत जाणार का? त्याने गल्ल्यावरच्या मुलीकडे बोट दाखवले. ती इथल्याच शाळेत तिसरीत होती. अरबी बोलायची, पण लिहिता येत नव्हते. आमच्या बकलाव्याचे बिल तिने तुर्कीत लिहून दिले.