‘ते आधीचंच होतं’

मोटारीच्या काचांवर फिल्म बसवणाऱ्या एका दुकानदाराने गेल्या पावसाळ्यात मला माझ्याच गाडीच्या मागच्या काचेपुढे उभे करून ‘काकाजी, ते आधीचंच होतं’ असे सांगितले, आणि ज्या स्वस्थपणे त्याने ते सांगितले त्याविषयीचा संताप अद्यापही माझ्या मनातून गेलेला नाही. काम बिघडते, हे मी समजू शकतो. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत कालव्यांची अस्तरे आणि मोऱ्या यांच्या मोजमापवह्या भरण्यात माझी हयात गेली. त्यामुळे कच्चे काम, निसटते काम आणि वरून गिलावा देऊन झाकलेले काम या तिन्ही प्रकारांशी माझा जुना परिचय आहे. परंतु कंत्राटदार कितीही निर्ढावलेला असला, तरी वहीत शेरा पडल्यावर ‘साहेब, पुन्हा करून देतो’ एवढे तरी तो म्हणत असे.

नागपूरच्या उन्हाचे वर्णन करण्याचे कारण नाही. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारी काही वेळ बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीच्या आसनाला हात लावता येत नाही, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीला बाजूच्या काचेतून येणारी तिरीप सहन होईना. म्हणून काचांना फिल्म लावून घ्यावी असे ठरले. फिल्म लावणे हाच मुळी गुन्हा आहे, अशी शेजाऱ्यांची समजूत होती आणि ती निराधार नव्हती, कारण सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निर्णयाने, कितीही पारदर्शक असली तरी, काळी फिल्म काचेवर चिकटवण्यास मनाई केली होती. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमात दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीच्या आधारे असा निर्वाळा दिला की, पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जात असेल आणि मालही ठरवून दिलेल्या मानकाचा असेल, तर अशा फिल्मबद्दल वाहनधारकाला दंड करता येणार नाही. हे सारे मी आधी वाचून घेतले होते.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नियमातील टक्केवारी ही फिल्मसह संपूर्ण काचेची आहे, आणि मोटारीची कोरी काचसुद्धा थोडा प्रकाश अडवीतच असते. काच ७५ टक्के प्रकाश सोडणारी आणि फिल्म ७० टक्क्यांची असली, तर दोहोंतून मिळून जेमतेम ५२ टक्के प्रकाश उरतो. म्हणजे ‘सत्तर टक्के, आरटीओ पास’ असे म्हणून जी फिल्म दुकानात हाती दिली जाते ती बाजूच्या काचांना कशीबशी चालते, पण मागच्या काचेवर ती लावली की नियमभंग झालाच. हा हिशेब मी दुकानदारापुढे मांडला, तेव्हा त्याने शेजारच्या दुकानातून प्रकाश मोजण्याचे यंत्र आणवले, काचेला फिल्मचा तुकडा लावून आकडा दाखवला आणि मागच्या काचेसाठी जवळजवळ पारदर्शक, केवळ उष्णता अडवणारी, महागातली फिल्म देऊ केली. त्याच्या या तत्परतेने मी प्रसन्न झालो, हे नमूद केले पाहिजे.

काम मात्र वाईट झाले. दुकान रहदारीच्या रस्त्याला लागून, दर्शनी बाजू पूर्ण उघडी, आणि बाहेर उन्हाळ्याचा कोरडा वारा धूळ उडवीत होता. फिल्म बसवण्याची रीत अशी की, काच आणि फिल्मची चिकट बाजू साबणाच्या पाण्याने भिजवून फिल्म जागेवर सरकवायची आणि मग रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे ते पाणी निपटून काढायचे. संरक्षक पापुद्रा सोलल्याच्या क्षणापासून त्या चिकट अंगावर जो कण बसेल तो कायमचा आत अडकतो. म्हणून जाणते कारागीर हे काम बंद खोलीत, जमिनीवर पाणी शिंपडून करतात. येथे दुकानातला मुलगा एका हाताने फवारा मारीत होता आणि रस्त्यावरून मालमोटार गेली की तिची धूळ सरळ आत येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पाहिले तेव्हा प्रत्येक काचेत बारीक पुरळ उठल्यासारखे कण दिसत होते, चालकाच्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात फिल्मची चुणी पडली होती, आणि मागच्या काचेच्या खालच्या अंगाला हवेच्या बुडबुड्यांची एक सलग रांग होती.

‘काही टेन्शन घेऊ नका काकाजी, सुकल्यावर सारं निघून जाईल,’ असे दुकानदार म्हणाला. या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते ग्राहकाला गप्प बसवते. फिल्मखाली राहिलेल्या पाण्याचा धुकटपणा आणि पाण्याचे लहान फुगे काही दिवसांत, कधी काही आठवड्यांतही, खरोखरच सुकून जातात. पण धूळ सुकून जात नाही आणि पडलेली चुणी आपली आपण उलगडत नाही. मी मुदत दिली. मुदत संपल्यावर पुन्हा गेलो. दुकानदाराने फारशी खळखळ न करता फिल्म बदलून देण्याचे मान्य केले, आणि येथवर माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती. पत्नी म्हणाली, मागच्या काचेला आता काही लावूच नका, ती कोरीच राहू द्या. तसे ठरले, आणि मागच्या काचेचे पैसे त्याने हिशेबातून वळतेही केले.

ज्यासाठी हे लिहीत आहे तो भाग आता येतो. मागच्या काचेच्या आतल्या अंगावर ज्या बारीक तांबूस आडव्या रेघा दिसतात त्या चांदीमिश्रित लेपाच्या असतात. तो लेप काचेवर छापून भट्टीत पक्का केलेला असतो, दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांमधून त्यांना वीज मिळते, आणि बटण दाबले की रेघा तापून काचेवरील बाष्प निघून जाते; यालाच डिफॉगर म्हणतात. फिल्म या रेघांवरच चिकटलेली असते. ती काढायची तर वाफेने चिकटा मऊ करून, धीर धरून, हळूहळू सोलली पाहिजे आणि उरलेला चिकटा भिजवून कापडाने पुसला पाहिजे. पात्याचे तेथे काहीच काम नाही. मला कूलरपुढे खुर्ची देऊन बसवले होते. तेथून मी पाहिले की मुलाने मागच्या आसनावर गुडघे टेकून फिल्म एका हिसक्यात ओढून काढली आणि राहिलेला चिकटा तो रुंद पात्याने खरवडू लागला. मी उठून गाडीपाशी गेलो आणि म्हणालो, ‘अरे बाबा, त्या तारा आहेत, पाते लावू नकोस.’ तो म्हणाला, ‘काही नाही होत जी.’ दुकानदारही तेथे आला, त्यानेही तेच सांगितले आणि मला हाताला धरून पुन्हा खुर्चीवर आणून बसवले.

मे महिन्यात नागपुरात मागच्या काचेवरील बाष्प घालवण्याची कोणाला गरज पडते? पुढे श्रावणात आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढत होतो. घाटात धुके इतके दाट उतरले होते की पुढच्या वळणाचा दगड जवळ आल्यावरच दिसे, आणि मागून एक बस दिवे लावून येत होती. बटण दाबले. काचेचा वरचा चतकोर भाग पट्ट्यापट्ट्यांनी स्वच्छ झाला, आणि त्याखालचा सारा भाग, म्हणजे आरशातून रस्ता जेथे दिसावयास हवा नेमका तोच भाग, पांढराच राहिला. पत्नीने मागे वळून हातरुमालाने काच पुसण्याचा प्रयत्न केला, पण तिचा हात पोचेना.

परत आल्यावर सरळ दुकानात गेलो. काच नीट पाहण्याच्याही आधी दुकानदाराने ‘ते आधीचंच होतं’ हे उत्तर दिले. मी त्याला सर्व्हिस सेंटरची गेल्या वर्षीची तपासणीची पावती दाखवली. तीत मागच्या डिफॉगरपुढे ‘चालू’ अशी खूण आहे. तो म्हणाला, ‘ते लोक न पाहताच टिक मारतात जी.’ मी म्हणालो, तुमच्यासमोर मी मुलाला बजावले होते. तो म्हणाला, ‘तुम्ही म्हटलं असेल, मला नाही आठवत.’ नंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

एका लेखी दाखल्याची आणि एका उघड घडलेल्या प्रसंगाची अशी दोन वाक्यांत वाट लावता येते, याचे मला आजही नवल वाटते. त्याने ‘चूक झाली, पण माझी ऐपत नाही’ असे म्हटले असते, तर मी नुकसान सोसून घरी आलो असतो. त्याने मात्र माझ्या स्मरणावर, माझ्या कागदावर आणि पर्यायाने माझ्या सचोटीवरच हात टाकला. जुनी मोडकी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालून भरपाई उकळणारा माणूस, असे रूप त्याने दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर मला दिले. हा अन्याय काचेच्या किमतीत मोजता येत नाही.

मी गाडी मोटारींची वायरिंग करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली. त्यांनी गाडी चालू करून डिफॉगरचे बटण दाबले, मीटर काढले, आणि मग जे केले ते पाहून माझे मन भरून आले. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद त्यांनी मीटरच्या टोचणीला नीट गुंडाळला. का, म्हणून विचारले, तेव्हा म्हणाले, ‘टोक उघडं ठेवलं तर रेघेले ओरखडा पडते.’ नंतर ते गुंडाळलेले टोक प्रत्येक रेघेवरून इकडून तिकडे हळूहळू सरकवीत नेले. वरच्या धड रेघांवर काटा सावकाश, एका चालीने उतरत गेला, रेघेच्या मध्यावर तो सुमारे ६ व्होल्ट दाखवी. खालच्या रेघांवर तो १२ च्या आसपास तसाच ठाम राहिला आणि एका विशिष्ट जागी एकदम शून्यावर पडला. त्या प्रत्येक जागी मिस्त्रींनी बाहेरून खडूची खूण केली. खुणा पुऱ्या झाल्यावर आम्ही मागे सरून उभे राहिलो: वरून खाली उतरणारी ती एकच सरळ तिरकस रेषा होती, आणि टॉर्चच्या प्रकाशात त्या रेषेवर काचेला पडलेला पात्याचा ओरखडाही दिसला. मी त्याची छायाचित्रे घेतली आणि मिस्त्रींकडून त्यांच्या पावतीपुस्तकावर तसे लिहून घेतले.

तो मुलगा मला नंतर बाजारात भेटला. प्रथम माझा सारा राग त्याच्यावरच होता, हे मी लपवीत नाही. त्याने नमस्कार केला आणि मालक जवळ नाही असे पाहून म्हणाला, ‘काकाजी, त्या करंटच्या तारा आहेत म्हणून आमाले कोणी सांगितलंच नाही. आमाले वाटे, डिझाइन आहे ते.’ गाडीमागे मोबदला, शिकवणारा कोणी नाही, आणि हातात पाते. त्याच्यावर रागवावे असे मला तेव्हा वाटेना. परंतु घरी आल्यावर पुन्हा वाटले की, मी त्याला प्रत्यक्ष सांगितले होते; आणि ज्याला माहीत नाही त्याने सांगणाऱ्याचे ऐकावे, एवढी अपेक्षा अशिक्षित कारागिराकडूनही करता येते. यांपैकी कोणते मत माझे खरे, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही. मालकाविषयी तशी द्विधा नाही. ज्या हातात आपण हत्यार देतो त्या हाताला शिकवणे हे मालकाचे काम आहे, आणि ते त्याने केले नाही.

मला पैसे नकोत, केवळ त्याने कबूल करावे, असे मी प्रथम सर्वांना सांगत असे. आता तसे म्हणत नाही. मला नव्या काचेची पूर्ण किंमत हवी आहे, ती बसवण्याची मजुरी हवी आहे आणि झालेल्या त्रासाबद्दलही हवे आहे, कारण कबुलीचा त्याला काही खर्च नाही आणि भरपाईचा आहे.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना सांगतो. फिल्म लावण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी मागच्या काचेवर श्वासाची वाफ सोडून डिफॉगर चालवून पाहा आणि ‘डिफॉगर चालू स्थितीत’ हे शब्द दुकानदाराच्या हातून पावतीवर लिहून घ्या. पक्की पावती मागा; ती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाते दिसताच काम थांबवा, मालक खुर्चीवर बसवू लागला तरी बसू नका. आणि काम बिघडलेच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तेथे शुल्क पडत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही.

माझी तक्रार आयोगापुढे दाखल झाली आहे. तुटलेल्या रेघा चांदीच्या रंगाने जोडून देतो, असे मिस्त्री म्हणतात, आणि ते काम ते चोख करतील याची मला खात्री आहे. पण ती काच हाच माझा पुरावा असल्यामुळे निकाल लागेपर्यंत तिला कोणाचाही हात लागू द्यावयाचा नाही, असे मी त्यांना सांगितले आहे.