सहकुटुंब, सहपरिवार

लग्नपत्रिकेतील मजकूर कोणी लक्षपूर्वक वाचीत नाही, असा माझा समज आहे. वर कोण, वधू कोण, मुहूर्त कितीचा आणि कार्यालय कोठले, एवढे आपण पाहतो व पत्रिका फळीवर ठेवून देतो. परंतु गेल्या वैशाखात माझ्या मेहुणीचे लग्न झाले, त्याची पत्रिका हाती पडली तेव्हा मी ती दोनदा वाचली. आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नेहमीची विनंती तीत होतीच. शिवाय तळाशी, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली आमच्या दोन्ही अपत्यांची नावे छापलेली होती. त्यांपैकी थोरला साडेचार वर्षांचा आणि धाकटी दहा महिन्यांची. धाकटीला 'मावशी' हा शब्दही अजून उच्चारता येत नव्हता. तरी साऱ्या गणगोताला आग्रहाचे आमंत्रण देण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला होता. प्रश्न इतकाच होता की, ही आमंत्रण देणारी मंडळी स्वतः निजणार कोठे?

लग्न कोल्हापुरास, म्हणजे माझ्या सासुरवाडीच्याच गावी. तेव्हा हा प्रश्न मुळात पडावाच का, असे कोणीही विचारील. त्याला उत्तर म्हणून तीन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगितली पाहिजे.

मंगळवार पेठेतील सासऱ्यांचे घर जुने आहे. खाली तीन खोल्या, वर एक माडी, आणि माडीवर जाण्यास उभा लाकडी जिना. त्याला कठड्याऐवजी वरून सोडलेला एक दोर. मेहुण्याच्या लग्नात या घरात मी रात्री माणसे मोजली, ती तेवीस भरली. आमचा थोरला तेव्हा दीड वर्षाचा होता. मधल्या खोलीत रुखवताची मांडामांड चालली होती, म्हणून तेथील दिवा मालवता येत नव्हता. माडीवर वर्षांनी भेटलेल्या बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या, त्यांना गप्प बसा असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्या दोनला थांबल्या, तर तीन वाजता पहिल्या आंघोळीसाठी बंब पेटला. मुलगा डोळा मिटे आणि दचकून उठे. त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन परसात पहाटेपर्यंत येरझारा घालीत होती. मुहूर्ताच्या दिवशी मुलाच्या अंगात १०२ अंश ताप होता. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा ती डॉक्टरांच्या दवाखान्यात आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसली होती. एकुलत्या एका भावाच्या लग्नाच्या अक्षता तिने पाहिल्या नाहीत.

याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. कोणाविरुद्ध करावयाची? तेवीसही माणसे प्रेमाची होती. परंतु लग्नातील छायाचित्रांचा संग्रह कोणी पाहावयास मागितला, म्हणजे अंतरपाटाच्या पानाशी तिचा हात थांबत नाही. तो घाईने पुढचे पान उलटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या खेपेस तर ती नवरीची करवली होती. हातात करा घेऊन बहिणीच्या पाठीशी उभे राहावयाचे, हा तिचा मान. म्हणून मी मनाशी ठरविले की, काही झाले तरी या वेळी स्वतंत्र बिऱ्हाड करावयाचे.

आपल्याकडे लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांच्या निवाऱ्याचा विचार झालेला नाही, असे मुळीच नाही. जानवशाची चाल त्यासाठीच होती. वरपक्षाची मंडळी यावयाच्या आधी त्यांच्यासाठी निराळे घर झाडूनसारवून तयार ठेवीत. गाद्या, गरम पाणी, फराळ, हवे-नको पाहणारा माणूस, साऱ्याची तजवीज तेथे असे. परंतु हा सारा थाट वरपक्षासाठी. वधूपक्षाच्या पाहुण्यांनी मिळेल तेथे वळकटी सोडावी आणि तोंडातून ब्र काढू नये, अशीच रीत. जावई म्हणून मला वर्षभर पाटाखाली पाट मिळतो. पण मेहुणीच्या लग्नात मीही वधूपक्षाचाच.

आणि गाव तरी कोणते? परक्याच्या मुलांना निवारा देण्यात ज्याने कीर्ती मिळविली ते. खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांना राहण्यास जागा नाही, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मग एकामागून एक निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे येथे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाळा काढली म्हणजे काम संपले नाही, मूल रात्री कोठे निजेल हेही पाहिले पाहिजे, एवढा साधा विचार त्या राजाने केला होता. खोलीच्या शोधात असताना मला त्याची वारंवार आठवण झाली.

कारण वैशाखात कोल्हापुरात खोली मिळणे ही सोपी गोष्ट नव्हे. चातुर्मासात लग्ने होत नाहीत. पौष पुष्कळ घरांत वर्ज्य. उरलेल्या महिन्यांतही मुहूर्त मोजके, आणि त्यांतले वैशाखातले शाळांच्या सुट्टीत येतात म्हणून साऱ्यांनाच सोयीचे. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे यात्रेकरूही त्याच सुट्टीत निघतात. मी लग्नाच्या दीड महिना आधी चौकशीस आरंभ केला, तरी निम्म्या ठिकाणी 'जागा नाही' हेच उत्तर मिळाले.

उरलेल्या निम्म्या ठिकाणी मात्र, "फॅमिलीसाठी एकदम चांगलं आहे, साहेब," असे आश्वासन मिळे. पुढे माझ्या ध्यानात आले की, या धंद्यात 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ 'बायकांना संकोच वाटणार नाही' एवढाच आहे. मुलांचा त्यात समावेश नाही. रेल्वेचा हिशेब निदान स्पष्ट असतो. पाच वर्षांखालील मुलाला ती तिकीट मागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असल्यास २०१६ सालापासून पूर्ण भाडे घेते. म्हणजे रेल्वेच्या दप्तरी आमचे सहकुटुंब-सहपरिवार अवघ्या दोन माणसांचे होते. परंतु ज्यांना कोणी मोजीत नाही, त्यांच्यासाठीच सारी व्यवस्था करावी लागते.

मी एका वहीत प्रश्न लिहून काढले होते. कार्यालयापासून पायी किती मिनिटे? खोली कोणत्या मजल्यावर? गादी पलंगावरून काढून जमिनीवर घालता येईल का? कारण नुकतेच रांगू लागलेले मूल परक्या पलंगावरून पडल्यावाचून राहत नाही. खिडकीला गज आहेत का? रात्री दूध कोमट करून मिळेल का? न्हाणीघरात पाणी कशाने तापते? हा शेवटचा प्रश्न ऐकून पुष्कळांना मी चमत्कारिक मनुष्य वाटलो. पण कोंदट न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू राहिला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दार लावून आंघोळ करणारी माणसे आत बेशुद्ध पडून दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. गरम पाण्याच्या सोयीची जाहिरात सारेच करतात. त्या न्हाणीघराला वारा आहे का, हे आपणच विचारावे लागते.

माझ्या साडूंनी सुचविलेले पहिले हॉटेल हमरस्त्यावर होते. तेथे पोहण्याचा तलाव होता, मुलांसाठी झोपाळे होते. पण ते कार्यालयापासून सहा मैलांवर. लग्नसराईच्या गर्दीत हा अर्ध्या तासाचा रस्ता, आणि दहा महिन्यांच्या मुलीच्या भुकेला अर्ध्या तासाची मुदत मान्य नसते. दुसरे ठिकाण देवळाजवळ, पण खोली तिसऱ्या मजल्यावर आणि वर जाण्यास केवळ जिना. तेथील व्यवस्थापकाने मला उलट विचारले, "लहान मूल रडतं का हो?" "हसतंही," असे सांगून मी फोन ठेवला.

तिसरे ठिकाण कार्यालयापासून दोन गल्ल्या सोडून होते. जुन्या वाड्यातील पाच-सहा खोल्या एक वृद्ध गृहस्थ पाहुण्यांना देत असत. माझी वही उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "मूल किती महिन्यांचं?" मी सांगितले. "मग तळमजल्यावरची मागची खोली घ्या. पुढच्या अंगाला वरातीची वाजंत्री येते, बाळाला झोप लागायची नाही. गादी खालीच घालून ठेवतो." अनामत किती, हे त्यांनी नंतर सांगितले. माझे निम्मे प्रश्न तसेच राहिले.

खोली मिळाली, पण खरी अडचण पुढेच होती. ही वार्ता कोल्हापुरास कळताच सासूबाईंचा फोन आला. मुलीशी बोलत होत्या, तरी त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. "माहेर असताना लेक लॉजात उतरणार? गावात आम्ही तोंड कुठं दाखवायचं? जावईबापूंना आमचं घर लहान वाटाय लागलं का?" माझी बाजू मांडावी म्हणून मी हात पुढे केला, पण सौभाग्यवतीने फोन दिला नाही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आई, मला या वेळी अक्षता पाहायच्या आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर शब्द आले, "बरं. पण जेवायला घरीच यायचं."

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आम्ही पोहोचलो. खोली साधीच होती. भिंतीचा रंग उडालेला, कपाटाचे एक दार लागत नसे, आणि आरशात पाहणाऱ्याचे तोंड किंचित वाकडे दिसे. पण गादी जमिनीवर होती, खिडकीला गज होते, न्हाणीघराला मोठा झरोका होता, आणि मच्छरदाणीही न मागता ठेवलेली होती. आम्ही दिवसभर लग्नघरी राबलो, जेवलो, गप्पा मारल्या. आणि रात्री साडेनऊ वाजता खोलीवर येऊन दिवा मालविला. मुले दहा मिनिटांत निजली. अंधारात पडल्या पडल्या मला वाटले की, तलाव आणि झोपाळे ही चैन खरी नव्हे. मुलांना घेऊन परगावी गेलेल्या माणसाची खरी चैन म्हणजे आपल्या मुलांच्या वेळेला दिवा मालविण्याचा अधिकार. तेवीस प्रेमाची माणसे मिळून जे देऊ शकली नव्हती, ते इतकेच होते.

मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा होता. धाकटीची झोपेची वेळ बाराची. बाराला ती खोलीवर निजली, तिच्या आईने करा उचलला व ती कार्यालयात गेली. मुलीजवळ मी बसावे असे ठरले होते. थोरला मात्र हातात अक्षता गच्च धरून, "मला खांद्यावर कोण घेणार?" म्हणून दाराशी मुसमुसत होता. इतक्यात दारात सासूबाई उभ्या राहिल्या. अंगावर शालू, कपाळाला घामाने पसरलेले कुंकू.

"तुम्ही जावा," त्या म्हणाल्या. "तुळशीला पाणी घालून आले. आता तिकडं माझं काम नाही."

मुलीच्या आईने लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना पाहू नये, तिने त्या वेळी तुळशीला पाणी घालावे, अशी त्यांच्याकडे चाल आहे. ही चाल न्यायाची आहे असे मला कधीच वाटले नाही, आणि त्या क्षणी तर मुळीच वाटले नाही. जिने महिनाभर पायाला भिंगरी लावून हे कार्य उभे केले, तिलाच ते पाहावयाचे नाही! मी तसे काही बोलणार होतो. परंतु त्या तोवर गादीशी बसल्याही होत्या, आणि निजलेल्या नातीला पदराने वारा घालीत होत्या. मी थोरल्याला उचलले.

अंतरपाट दूर झाला तेव्हा मी बहुतेक वेळ नवरीकडे पाहत नव्हतो. तिच्या पाठीमागे करा धरून उभ्या असलेल्या करवलीकडे पाहत होतो. तिची नजर एकदाही दाराकडे वळली नाही.

पंगती बसण्यापूर्वी आम्ही तिघे खोलीवर परत आलो. धाकटी जागी होऊन आजीच्या बांगड्यांशी खेळत बसली होती. आजी मात्र शालूसकट, उशाला हात घेऊन, गाढ झोपल्या होत्या. कित्येक दिवसांत त्यांना अशी झोप मिळाली नसावी. त्यांच्या घरातही तेवीस माणसे होतीच. थोरला अक्षता पडल्या हे ओरडून सांगणार, तोच त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिने खिडकी ओढून घेतली. पंगत दहा मिनिटे थांबली तर थांबो.

निघताना सासूबाई स्टेशनवर आल्या होत्या. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. गाडी सुटता सुटता खिडकीशी वाकून त्या मला म्हणाल्या, "मार्गशीर्षात सांगलीला माझ्या भाच्याचं लग्न आहे. आमचं दोघांचं बिऱ्हाड तुम्हीच बघा. तळमजल्यावरचं बघा. आणि गादी खाली घालतात का, ते विचारून घ्या."