उतारावरची झाडे : धारणीच्या वाटेवर

अमरावतीहून परतवाड्याला यावे आणि तेथून धारणीची एस.टी. धरावी. वऱ्हाडचा कपाशीचा काळा सपाट मुलूख मागे पडतो आणि गाविलगडचे डोंगर समोर येतात. घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी गावे घेत गाडी सातपुड्याच्या पोटातून धारणीला पोचते. घाटांचा मेळ तो मेळघाट. १९७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून मेळघाट म्हटले की लोकांना वाघ आठवतो, नाहीतर कुपोषणाच्या बातम्या आठवतात. आम्ही मात्र या वेळी रस्त्याकडेची झाडे पाहत गेलो. झाडांचे शेंडे नव्हे, मुळे.

रस्ता काढताना डोंगर जिथे उभा कापला आहे, तिथे जमिनीच्या आतला भाग उघडा पडतो. वर थोडीशी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एवढ्याशा मातीवर उंच सागवान उभे आहे. जमीन तिरकी, खोड मात्र सरळ. हे कसे घडते, असा प्रश्न आपल्या मुलांनी विचारला तर त्याचे उत्तर आईवडिलांजवळ असले पाहिजे.

मुळाच्या टोकाला एक छोटी टोपी असते. तिच्यातील पेशींत पिठाचे जड कण असतात. ते नेहमी खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठे आहे ते कळते. म्हणून जमीन कितीही तिरकी असो, सोटमूळ सरळ खाली जाऊ पाहते. खोड उलट दिशेने, आकाशाकडे वळते. पण उतारावर सोटमुळाला लवकरच खडक आडवा येतो. मग ते फट शोधते. फट सापडली की बारीक मूळ आत शिरते, पुढे जाड होते आणि खडकालाच धरून बसते. फट नसेल तर ते आडवे वळते आणि आजूबाजूची मुळे त्याचे काम वाटून घेतात.

उतारावरच्या झाडाला वाऱ्याचा आणि स्वतःच्या वजनाचा ओढा सारखा नसतो. वरच्या अंगाची मुळे तंबूच्या दोरासारखी ताण घेतात. खालच्या अंगाची मुळे टेकूसारखा दाब झेलतात. जिथे ओढ जास्त, तिथे मूळ अधिक जाडते. काही झाडांत खोडाजवळची मुळे गोल न राहता उभट होतात, काहींचा छेद तर रेल्वेच्या रुळासारखा दिसतो. कमी लोखंडात जास्त भार पेलावा म्हणून माणसाने रुळाला जो आकार दिला, त्याच जातीचा आकार झाड ताण सोसत स्वतः घडवते. कोणत्या अंगाला किती मुळे, हे झाडाच्या जातीवर आणि मातीच्या खोलीवर अवलंबून असते.

बांधकामावर काम करणाऱ्या आपल्या बंधूभगिनींना पुढची गोष्ट लगेच पटेल. काँक्रीट दाब सोसते, पण ओढले तर तडकते. म्हणून स्लॅबमध्ये सळई घालतात. माती तशीच आहे. तिच्यात मुळे ही सळई. जाड मुळे खाली खडकाशी बांधतात आणि केसासारखी बारीक मुळे वरची माती विणून ठेवतात. शिवाय मुळे पाणी शोषतात, त्यामुळे पावसाच्या उघडिपीत उतार हलका होतो.

मेळघाटात हे काम एकटा साग करीत नाही. कोरड्या खडकाळ माथ्यावर सालई असते. जिथे माती जवळजवळ नाहीच, तिथे पांढऱ्या खोडाचे कांडोळ दगडाला कवटाळून उभे असते. धावडा, ऐन, मोह, तेंदू आपापली खोली धरतात. बांबूची मुळे फार खोल जात नाहीत, पण वरची माती गच्च बांधतात. नुसता सागच लावला आणि खालची झुडपे व गवत गेले, तर त्याच्या रुंद पानांवरून पडणारे मोठे थेंब उघडी माती उकरतात. उतार टिकतो तो मुळांच्या मिश्र जाळ्याने.

झाड तोडले की हे जाळे त्याच दिवशी जात नाही. मुळे जमिनीत हळूहळू कुजतात आणि काही वर्षांनी पकड सुटते. त्यामुळे तोडणारा एक आणि भोगणारा दुसराच, असे होते. परतवाड्याच्या बाजारात लाकूड विकले जाते तेव्हा त्या किमतीत खालच्या गावाचे नुकसान धरलेले नसते. मेळघाटच्या उत्तर अंगाची माती सिपनेतून तापीत जाते, दक्षिण अंगाची पूर्णेत. दोन्ही नद्या चांगदेवजवळ मिळतात आणि पुढेच हतनूर धरण आहे. म्हणजे धारणीच्या डोंगरावरून सुटलेला गाळ भुसावळ भागाच्या पाण्यात जाऊन बसतो.

हा प्रश्न केवळ मेळघाटचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला. त्याच महिन्यात १८ तारखेला मुंबईत चेंबूर आणि विक्रोळीच्या उतारावरील वस्त्यांवर भिंत व दरड कोसळली. अतिवृष्टी, कापलेला उतार, अडलेले पाणी अशी अनेक कारणे अशा घटनांमागे असतात. दरड मुळांच्याही खालून सुटली तर झाडे तिला अडवू शकत नाहीत. पण मरणारे कोण, हे पाहा. सपाट, सुरक्षित जागा ज्याला परवडली नाही, तोच उताराच्या पायथ्याशी राहतो. वऱ्हाडातून पोटासाठी गेलेली आपली कितीतरी कुटुंबे अशाच वस्त्यांत आहेत.

म्हणून झाडे वाचायला शिका. बुंध्याशी वाकलेले आणि वर सरळ झालेले झाड सांगते की येथील माती वर्षानुवर्षे हळूहळू सरकते आहे. अनेक झाडे किंवा विजेचे खांब अलीकडेच एका बाजूला कलले असतील, वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसत असेल, कोरड्या जागी गढूळ पाणी झिरपू लागले असेल, तर पावसात तेथे रात्र काढू नका. लेकरे, म्हातारी माणसे आधी हलवा आणि लेखी अर्ज देऊन प्रशासनाला जागे करा.

उजाड उतार पुन्हा बांधता येतो, याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी ओसाड टेकडी राखली, झाडे वाढवली, सीताफळातून मिळकत केली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. जंगलावर हक्क मिळाला तर गरीब माणूस ते राखतो, असा याचा अर्थ आम्ही घेतो. धारणीच्या कोरकू बांधवांचे मागणेही याहून वेगळे नाही.

आपल्या धम्मात ही दृष्टी जुनी आहे. पावसाळ्यात फिरताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात, म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावास घालून दिला. झाडाझुडपांची नासधूस भिक्खूला वर्ज्य आहे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे शिलास्तंभावर कोरले. तेव्हा यंदाच्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक काम करावे. बोधिवृक्षाभोवतीचा सिमेंटचा गच्च कट्टा थोडा फोडून मुळांना माती मोकळी करावी. वस्ती उतारावर असेल तर वरच्या अंगाला गवत, बांबू आणि स्थानिक झाडे मिसळून लावावीत, पाण्याला वाट काढून द्यावी. ही मुळे भक्कम व्हायला काही पावसाळे लागतील. आज पाळण्यात असलेले मूल शाळेत जाऊ लागेल, तोवर त्या उताराला पकड आलेली असेल.