सात गोल आणि एक नाव

‘चक दे इंडिया’ हा सिनेमा २००७ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरं तो तीन-तीनदा पाहून आली. कबीर खान हा भारताचा कर्णधार. पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याचा पेनल्टी स्ट्रोक हुकतो, लोक त्याला गद्दार ठरवतात, आणि तो आईला घेऊन राहतं घर सोडून जातो. सात वर्षांनी मुलींच्या संघाला जगज्जेता करून परत येतो. ही मीर रंजन नेगी नावाच्या गोलकीपरची खरी गोष्ट आहे, असं पोरांना कुणीतरी सांगितलेलं. ती मला विचारत, “मामू, ये नेगी अपने में का है क्या?”

नाही. मीर रंजन नेगी हिंदू आहेत. नेगी हे उत्तराखंडातल्या पहाडी लोकांचं आडनाव. पोरांना ते पटेना. मग सिनेमात कबीर खान कसा? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नव्हतं. १ डिसेंबर १९८२ पासून सुरुवात करावी लागत होती.

त्या दिवशी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर एशियाडची हॉकीची फायनल झाली. भारत विरुद्ध पाकिस्तान. इंदिराजी सामना पाहायला आल्या होत्या. रंगीत टीव्ही त्याच वर्षी देशात आला होता, पण आमच्या खडकीत तो कुणाकडे असणार? कारखान्यातल्या एका फोरमनच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट संच होता, तिथे खिडकीपर्यंत माणसं. पहिला गोल भारताने केला. त्या घरात जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. पुढे पाकिस्तानचे गोल सुरू झाले. एक, दोन, तीन... हसन सरदारने एकट्याने तीन मारले. सामना संपला तेव्हा आकडा होता १-७. गोलात उभे होते मीर रंजन नेगी.

(याच एशियाडमध्ये मुलींच्या हॉकीचं सुवर्णपदक भारताने जिंकलं. कर्णधार होती आमच्या पुण्याची एलायझा नेल्सन. हे मी ज्यांना ज्यांना सांगतो त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ठाऊक नसतं. एकास सात मात्र सगळ्यांना पाठ आहे.)

खडकीत हॉकी म्हणजे नुसता बघायचा खेळ नव्हता. लष्कराची वस्ती, दारूगोळ्याचे कारखाने, कामगारांच्या चाळी. मैदानं मोकळी. धनराज पिल्ले त्याच वेळी तिथे मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळत मोठा होत होता, हे पुढे सगळ्या देशाला कळलं. आमच्यात गोलकीपरला ‘गोली’ म्हणायचे. माझा मोठा भाऊ, भाईजान, आमच्या टीमचा गोली होता. त्याचे पॅड म्हणजे कॅनव्हासमध्ये भरलेला कापूस. पावसात भिजले की एकेक पाय उचलायला दोन माणसांचं बळ लागायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातल्या चहाच्या हॉटेलात बैठक बसली. तिथे एक चाचा यायचे. तरुणपणी ते गोली होते. उजव्या हाताचं एक बोट वाकडं, पुढचे दोन दात नाहीत. हॉकीचा शेवटचा शब्द त्यांचा. लोक तावातावाने बोलत होते. कुणी म्हणे, गोली बाहेरच आला नाही, रेषेवर खिळून राहिला. कुणी म्हणे, नको तेव्हा बाहेर आला, म्हणून तर गोल रिकामा सापडला. एक जण म्हणाला, “असा गोली तर आपल्या अंडर फोर्टीनमधेबी नाय चालणार.”

चाचांनी टेबलावरचे रिकामे ग्लास गोळा केले आणि मांडले. हे आपले बॅक, हे हाफ, हा डी. “आपण मागे पडलो तेव्हा काय केलं? सगळे पुढे पळाले. बरोबर? गोल फेडायचा होता. मग मागे कोण?” दोन ग्लास त्यांनी उचलून पुढे नेले. मागे एकच राहिला. “आता इकडून कलीमुल्ला, इकडून समीउल्ला, मध्ये हसन सरदार. बोल, तू गोली. काय करशील?” ज्याला विचारलं तो गप्प.

पुढे ते म्हणाले की हिशेब नीट करा. सातातले दोन गोल गोलीचे. त्याने अडवायला पाहिजे होते, नाही अडवले. बाकी पाच बॅकचे, हाफचे आणि समोरच्या टीमच्या कसबाचे. त्याच वर्षी जानेवारीत हीच पाकिस्तानी टीम मुंबईत, चर्चगेटजवळच्या स्टेडियमवर, पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून वर्ल्डकप घेऊन गेली होती. हसन सरदारने त्या स्पर्धेत भरपूर गोल केले होते. आपण पाचवे आलो होतो. मॉस्कोचं १९८० चं सोनं आपल्याकडे होतं खरं, पण बहिष्कारामुळे तिथे पाकिस्तानही नव्हतं आणि जर्मनीही नव्हती. चाचांचं म्हणणं एवढंच होतं, की दोघांची ताकद जानेवारीतच दिसली होती, डिसेंबरात फक्त आकडा मोठा झाला. (आणि १९८४ ला त्या टीमने लॉस एंजेलिसचं ऑलिंपिकही जिंकलं.)

इथपर्यंत ती हॉकीची चर्चा होती. चांगली चर्चा होती. भाईजान कोपऱ्यात बसून कान देऊन ऐकत होता, कारण त्यात त्याच्या कामाचं पुष्कळ होतं. टर्फवर चेंडू उसळत नाही पण केवढ्या वेगाने येतो, गोलीने पाय कधी टाकावा, पडावं की उभं राहावं.

मग एकाने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “ये मीर... कौन है? अपना है क्या?”

हॉटेलात शांतता पसरली. तशी शांतता मी नंतर अनेकदा अनुभवली आहे. कुठे बॉम्ब फुटल्याची बातमी येते आणि आरोपीचं नाव अजून कळलेलं नसतं, तेव्हा आपल्या घरांत असते ती शांतता. पुढे आणखी एकाने माहिती पुरवली, की आडनाव नेगी आहे, पहाडी आहे, आपला नाही. आणि माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. खरोखर टाकला, मी पाहिला आहे. “चलो, अपना नहीं है।”

चाचा भडकले. “गोली है ना? फिर मेराच है।” एवढं म्हणून त्यांनी पैसे ठेवले आणि उठले.

आम्ही सुटलो असं ज्यांना वाटलं, त्यांना देशात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. नेगींनी पाकिस्तानकडून पैसे खाल्ले, अशी आवई उठली होती. तो आरोप कधीही सिद्ध झाला नाही. पण त्याच्या जोडीला दुसरी अफवा होती, की ते मुसलमान आहेत. नेगींनी स्वतः पुढे मुलाखतींतून हे सांगितलं आहे. ‘मीर’ या दोन अक्षरांवर एवढा सगळा इमला उभा राहिला.

गंमत पाहा. त्या संघात खरेखुरे मुसलमान होतेच. कर्णधार होता जफर इक्बाल, अलीगढचा. बनारसचा मोहम्मद शाहिद होता, ज्याच्या ड्रिबलिंगवर दोन्ही देशांतले लोक जीव टाकत. या जफर इक्बालनेच दोन वर्षांनी ऑलिंपिकमध्येही भारताचं नेतृत्व केलं. अफवेला या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला चुकलेला मुसलमान पाहिजे होता. तो संघात मिळाला नाही, तेव्हा जो चुकला त्याला तिने मुसलमान करून टाकलं. गद्दारी आधी ठरली, धर्म नंतर चिकटवला गेला.

खेळाडू म्हणून नेगींची कारकीर्द तिथेच संपल्यासारखी झाली. त्यांच्या आधीचा एक गोली मला इथे आठवतो, महूचा शंकर लक्ष्मण. १९६० ला रोममध्ये आपण पाकिस्तानकडून ०-१ ने हरलो, पहिल्यांदा ऑलिंपिकचं सोनं गेलं, तेव्हा गोलात तोच होता. तरी १९६४ ला टोकियोत पुन्हा त्यालाच उभं केलं, आणि आपण पाकिस्तानला १-० ने हरवलं. हरलेल्या गोलीला पुन्हा उभं करणं म्हणजे काय, ते त्या चार वर्षांत आहे. (म्हातारपणी त्याचे हाल झाले, पायाला गँगरीन होऊन २००६ ला तो महूतच गेला. गोलीची कदर आपण कधी फारशी केली नाही, हेही खरंच.)

नेगी परतले ते प्रशिक्षक होऊन, सोळा वर्षांनी. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये ते गोलकीपरांना शिकवत होते. तिथे भारताने कोरियाला फायनलमध्ये हरवलं, तेही टायब्रेकरवर, म्हणजे गोलीच्याच कसोटीवर. पुढे २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुलींनी इंग्लंडला ३-२ ने हरवून सोनं आणलं, त्या संघाबरोबरही ते होते. मग सिनेमा आला आणि लोकांनी नेगींना डोक्यावर घेतलं.

सिनेमा मला आवडतो. पण त्याने दोन गोष्टी बदलल्या. अफवेतला मुसलमान त्याने खरा केला, ही धाडसाची गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल मी लेखकाला सलाम करतो. दुसरा बदल मात्र मला खटकतो. कबीर खान गोली नाही. त्याने सात गोल खाल्लेले नाहीत. त्याचा एक स्ट्रोक हुकला, थोडक्यात हुकला. अशा माणसाची बाजू घेणं सोपं आहे. प्रेक्षकाला आतून माहीत असतं की हा शेर आहे, एका क्षणाचा प्रश्न होता. सात गोल खाणाऱ्याचं काय? जो त्या दिवशी खरोखरच वाईट खेळला, ज्याचे दोन गोल स्वतःचे होते, त्याचं? आणि ज्याला पुढे बँकॉक नाही, मँचेस्टर नाही, तो आपलं निर्दोषपण कशाने धुऊन आणणार?

आमच्या घरात याचं उत्तर अब्बांनी परस्पर देऊन टाकलं. त्या डिसेंबरनंतरच्या रविवारी पलीकडच्या वस्तीतल्या टीमशी सामना होता. अब्बा भाईजानला म्हणाले, “गोल में मत खडा रह. कहीं बी खेल, गोल में नको.” कारण विचारलं नाही, सांगितलंही नाही. अब्बा भित्रे नव्हते. १९६५ च्या लढाईत रात्रपाळी करून त्यांनी तोफेचे गोळे भरले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण पोराच्या पायातून एखादा चेंडू निसटला तर त्याच्याकडे कसं पाहिलं जाईल, हे त्यांनी ओळखलं. शाळेत त्या आठवड्यात मला एका मुलाने “तुमचे जिंकले की” म्हणून पेढा मागितला होता. मी ते घरी सांगितलं होतं.

भाईजान लेफ्ट हाफ झाला. बरा खेळला, पण बराच. त्याचे हात गोलीचे होते.

हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २०२१ चा ऑक्टोबर आठवतो. दुबईत टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये पाकिस्तानने आपल्याला दहा विकेटनी हरवलं. आपल्या एकाही गोलंदाजाला विकेट मिळाली नाही. शिव्या मात्र मोहम्मद शमीच्या वाट्याला आल्या, आणि कुठल्या शिव्या ते तुम्ही वाचल्याच असतील. विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, हा बदल मोठा, तो नोंदवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानविरुद्ध एक कॅच सुटला तर त्याला खलिस्तानी म्हणून झालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मुली सेमीफायनल हरल्या तेव्हा वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजले आणि जातीवरून शिवीगाळ झाली. तेव्हा हे एकट्या आपलंच दुखणं आहे, असंही समजू नये.

२०२३ च्या वर्ल्डकपमध्ये वानखेडेवर शमीने न्यूझीलंडच्या सात विकेट काढल्या. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आनंदाने म्हणाले, “बघा, आता कोण बोलतंय त्याच्याबद्दल!” ते मनापासून म्हणाले, पण मला ते सात विकेट ऐकून सात गोल आठवले. वाईट दिवस माफ होण्यासाठी माणसाला सात विकेट काढाव्या लागत असतील, तर ती माफी झाली का? श्रीजेशने टोकियोत शेवटच्या सेकंदाचा जर्मनीचा कॉर्नर अडवला, देशाने त्याला खांद्यावर घेतलं, मीही नाचलो. त्याच श्रीजेशने कारकीर्दीत कितीतरी हलके गोल खाल्ले आहेत. ते हलके गोल खाऊनही तो टोकियोपर्यंत पोचू शकला, मला त्याचं अप्रूप जास्त वाटतं. आपल्या पोरांना पदकाआधी ती मुभा मिळाली पाहिजे. वाईट खेळायची, संघातून वगळलं जायची, चहाच्या हॉटेलात “असा गोली नाय चालणार” हे ऐकून घ्यायची. तेवढंच ऐकून घ्यायची.

त्याच वर्षी, सप्टेंबरच्या ३० तारखेला, हांगचौच्या एशियाडमध्ये भारताने पाकिस्तानला १०-२ ने हरवलं. एवढ्या फरकाने कुणी कुणाला आजवर हरवलं नव्हतं. आमच्या घरी टीव्हीसमोर नातवंडं धुमाकूळ घालत होती. सात झाले तेव्हा माझ्या मुलाने हिशेब चुकता झाल्याचं जाहीर केलं. भाईजान आता साठीत आहे, गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून असतो. त्याचं लक्ष आपल्या फॉरवर्ड्सकडे नव्हतंच. प्रत्येक गोलनंतर तो रिप्ले येईपर्यंत थांबायचा आणि पाकिस्तानच्या गोलीचे पाय बघायचा.

सामना संपल्यावर मी विचारलं, “काय वाटलं?”

“तीन त्याचे,” भाईजान म्हणाला. “बाकीचे बॅकचे.”