गळालेली नावं

एमडीला आलेल्या मुलामुलींना मी वर्षानुवर्षं एकच सल्ला देत आलो: थिसिसला व्यसनाचा विषय घेऊ नका. डिप्रेशन घ्या. सहा-आठ आठवड्यांत हॅमिल्टन स्केलचा स्कोअर खाली येतो, टेबलं सुबक होतात, परीक्षकही खूश. दारूचा पेशंट तीन महिन्यांनी सापडत नाही, आणि सापडला तर खोटं बोलतो. हे मी हसत सांगायचो. मुलंही हसायची. चेष्टेत म्हटलेल्या गोष्टीचा जाब कुणी विचारत नाही, ही मोठी सोय असते.

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी मानसोपचार शिकवतो. व्यसन हा मेंदूचा, दीर्घकाळ चालणारा आजार आहे हे मी दर वर्षी लेक्चरमध्ये सांगतो. अमेरिकेतल्या मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा निबंध तर माझ्या तोंडपाठ आहे. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के, आणि रक्तदाब किंवा दम्यात आजार पुन्हा उसळण्याचं ५० ते ७० टक्के. तोंडी परीक्षेत हे आकडे विचारून मी मुलांना घाम फोडलाय. पण बीपीची गोळी बंद करून आलेल्या आजोबांना मी ‘आजोबा, असं नाही करायचं’ म्हणायचो, आणि दारू पुन्हा सुरू झालेल्या माणसाला म्हणायचो, ‘बायको-पोरांचा तरी विचार कर.’ आकडे पाठ होते, पटलेले नव्हते.

मग एमडीची एक रेसिडेंट याच विषयावरचा थिसिसचा सिनॉप्सिस घेऊन आली. दारू सोडण्यासाठी ॲडमिट झालेल्यांचा सहा महिने पाठपुरावा. मी नेहमीची टेप वाजवली, शिवाय ‘मुलींनी तर या वॉर्डात नकोच’ हेही जोडलं. ती ऐकून घेऊन उभी राहिली. नाइलाजानं सही केली.

पहिली कुरबुर संमतीपत्रावरून. आमची पद्धत अशी की ॲडमिशनच्या कागदांबरोबरच संशोधनाचा फॉर्मही पुढे सरकवायचा. ती म्हणाली, ‘सर, हात बघा त्यांचे.’ हात थरथरत होते, घाम सुटलेला, अंगठा कागदावर दोनदा उमटला होता. अशा माणसाकडून ‘मी समजून-उमजून’ असं लिहून घ्यायचं? चार-पाच दिवसांनी थरथर ओसरली की विचारीन, असं तिनं ठरवलं. म्हटलं, तुझा आकडा घसरेल. ‘घसरू दे, सर.’

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. अमेरिकेत सोबेल दांपत्यानं एक पद्धत काढलेली आहे. ‘किती पिता?’ असं न विचारता कॅलेंडर समोर ठेवून दिवसादिवसाची आठवण काढायची. तिनं ओपीडीच्या टेबलावर कालनिर्णय पसरलं. एक पेशंट होता, ज्याच्या केसपेपरवर ‘माहिती अविश्वसनीय’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानं पान उलटलं, बोट ठेवलं. ‘पोळ्याला पिलो. दुसऱ्या दिवशी पण. मग घटापर्यंत नाही. घटात तर नाहीच. दसऱ्याला दोन क्वार्टर.’ बाजाराचे दिवस, मजुरी मिळाल्याचे दिवस, मेव्हणा आला तो दिवस, सगळं त्यानं सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत होतो. हाच माणूस मला तीन भेटींत ‘थेंब नाही घेतला साहेब’ म्हणाला होता. का म्हणणार नाही? मी बायकोसमोर, फौजदाराच्या सुरात विचारायचो. खरं बोलला तर बोलणी खायची, खोटं बोलला तर गोळ्या घेऊन घरी जायचं. शहाणा माणूस काय निवडेल?

इथवर मी थोडा खजील झालो होतो, पण मत बदललं नव्हतं. ते बदललं जानेवारीत.

तीन महिन्यांच्या भेटीचा रकाना घेऊन ती आली. निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या. मी मान वर न करता म्हणालो, ‘रिलॅप्स लिही.’ यात नियमाबाहेरचं काही नाही. गळालेला माणूस पीत असणार असं धरून चालणं ही या क्षेत्रातली जुनी, कडक रीत आहे, आणि तिच्यामागे कारणही आहे. नाहीतर जे बरे झाले तेच भेटीला येतात आणि उपचार आहेत त्यापेक्षा गुणकारी दिसतात. पण त्या दिवशी मी रीत पाळत नव्हतो. मला आधीच ठाऊक होतं तेच घडलं, याचा मला किंचित आनंद झाला होता. हे लिहायला जड जातंय.

तिनं पेन उचललं नाही. म्हणाली, ‘सर, हे बहुतेक धारूर, केज, वडवणीचे आहेत.’

मी म्हणालो, ‘मग?’

‘कारखाने चालू आहेत.’

दसऱ्यानंतर आमच्या हॉस्पिटलच्या फाटकावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. भांडी, गोणपाट, कोंबड्या, लेकरं, वर बसलेली म्हातारी. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. हे मी दर वर्षी पाहतो. त्या गर्दीत गाडी अडकली की वैतागतोही. त्याच लोकांना मी ऑक्टोबरमध्ये डिस्चार्ज देत होतो, जानेवारीची तारीख लिहून देत होतो, आणि ते आले नाहीत की त्यांच्या नावापुढे पिणं लिहीत होतो. माझ्या हाताखालून किती थिसिस असे गेले असतील, याचा हिशोब मी मांडत नाही. धीर होत नाही.

विसरभोळेपणा म्हणून मी यातून सुटू शकत नाही. दम्याचा पेशंट जानेवारीत आला नाही तर मीच म्हणतो, ‘ऊसतोडीला गेला असेल.’ दारूच्या पेशंटला हे वाक्य मी कधी लावलंच नव्हतं. त्याच्या गैरहजेरीचा एकच अर्थ माझ्याकडे तयार होता.

तिनं फोन करायला सुरुवात केली. बरेच नंबर बंद. मग शेजाऱ्याचा, भावाचा, मुकादमाचा. काही फोन माझ्यासमोर स्पीकरवर झाले. एकजण फडातून बोलत होता, मागे ट्रॅक्टर धडधडत होता. ‘मॅडम, पीत नाही, पण गोळ्या संपल्या. हितं कुठं मिळायच्या?’ आमच्याकडे पंधरा दिवसांच्या वर औषध देत नाहीत. हा नियम हंगामाला विचारून केलेला नाही. दुसऱ्याची बायको म्हणाली, उचल मिळाली त्या दिवशीच सुरू झाली, पण आता रोज नाही, खाडा असेल त्या दिवशी पितो. आमच्या रकान्यात याला जागा नव्हती. तिथं फक्त हो किंवा नाही होतं. काहीजण पूर्वीपेक्षा जास्त पीत होते. काही सापडलेच नाहीत.

आमच्या जर्नल क्लबमध्ये तिनंच गोव्यातला अभ्यास वाचला होता. नाडकर्णी, पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते, गरज पडली तर घरी जाऊन भेटणारे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के सावरलेले, न मिळालेल्यांत २६. वर्षानंतर ५४ आणि ३२. त्या दिवशी मी ‘गोवा छोटा आहे, तिथं जमतं’ म्हणून विषय मिटवला होता. फोनचे ते आठवडे पाहिल्यावर कळलं की ‘घरी जाऊन भेटणारे’ हे शब्द मी वाचलेच नव्हते.

आता सिनॉप्सिसआधी नव्या रेसिडेंटनं महिनाभर व्यसनाच्या फॉलोअप ओपीडीत बसायचं, असं मी ठरवलंय. डिस्चार्ज देताना ‘दिवाळीनंतर कुठं असाल?’ हा प्रश्न छापील फॉर्मवर आलाय, सोबत मुकादमाच्या फोनची जागा. पंधरा दिवसांचा नियम बदलून घेण्यासाठीचा कागद अजून फिरतोच आहे.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलेलं नाही. जे सापडलेच नाहीत त्यांना मुख्य टेबलात पिणारेच धरावं, असं मी अजूनही म्हणतो, कारण स्वतःच्या उपचाराची खोटी भलामण होण्यापेक्षा तोटा दिसलेला परवडला. ती म्हणते, सर, तोटा उपचाराच्या नावावर दिसत नाही, माणसाच्या नावावर दिसतो. थिसिसमध्ये शेवटी दोन टेबलं छापली, एक माझ्या हिशोबानं, एक तिच्या. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. मागच्या आठवड्यात तासभर फोनवर याच टेबलावरून वाद घातला. पुढच्या हंगामात ऊसतोडीच्या तळांवर जाऊन मोजणी करायची, म्हणजे हे अनुमान लावायची वेळच कमी येईल, इतपत एकमत झालंय. खर्चाचं बघायचंय.