एच-इंडेक्स चार आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’



माझी पीएच.डी. उत्प्रेरकांवर आहे. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा आणि क्रिया संपल्यावर स्वतः शिल्लक राहणारा पदार्थ. खत कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनतो तो लोखंडाच्या उत्प्रेरकामुळे. माझं काम त्या मानाने लहान होतं : तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल.

काही वर्षांपूर्वी सहायक प्राध्यापकाच्या राखीव जागेसाठी मुलाखतीला गेलो. तज्ज्ञांनी फाइल उघडलीच नाही. “एच-इंडेक्स किती?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “चार.” ते शेजारच्या सदस्याकडे बघून हसले. महिन्याभराने निकाल लागला : योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा रिकामीच राहिली.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली, हे कबूल करतो. नंतर विचार केला, हा चार आकडा आला कुठून?

तुमच्या पेपरचा दाखला दुसऱ्याने आपल्या पेपरात दिला की ते एक सायटेशन. अशा दाखल्यांची मोठी सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये काढली, ती मुळात एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली ते शोधता यावं म्हणून. माणसं मोजायचं काम तिच्याकडे नंतर आलं. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. तुमच्या किमान चार पेपरांना प्रत्येकी किमान चार दाखले असतील, पण पाचांना पाच नसतील, तर तुमचा आकडा चार. वेगवेगळ्या शाखांचे आकडे वेगळे पडतात, हे खुद्द हर्श यांनीच त्या लेखात नोंदवलं आहे. मुलाखत घेणाऱ्यांना तेवढं वाचायला सवड नसते.

आता डोना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण घ्या. १९८५ साली त्या अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात पीएच.डी. करत होत्या. लेसरचा झोत फार तीव्र केला तर तो वाढवणारं उपकरणच जळतं, ही तेव्हाची अडचण. गुरू जेरार्ड मुरू यांच्यासोबत त्यांनी तोड काढली. प्रकाशाचा स्पंद सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या फायबरमधून ताणायचा, ताणलेला स्पंद वाढवायचा आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. पेपर तीन पानांचा. त्यांचा आयुष्यातला पहिला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतले अतिजलद लेसर याच वाटेने आले आणि २०१८ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री. तेव्हा त्या वॉटर्लू विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात विकिपीडियाने त्यांच्यावरचा लेख पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला होता.

आता गणित करा. पहिला पेपर छापून झाल्यावर त्या थांबल्या असत्या, तर त्याला हजारो दाखले मिळूनही त्यांचा एच-इंडेक्स किती झाला असता? एक. माझ्या चारपेक्षा तीनने कमी!

स्ट्रिकलंड काही आपल्या वस्तीतून आलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती, लेसर होता, नावाजलेला गुरू होता. म्हणून त्यांची आणि माझी बरोबरी करत नाही. मुद्दा एवढाच की ज्या मोजपट्टीवर नोबेलचं काम एक भरतं, तिच्यावर माझी लायकी हसत हसत मोजली गेली.

माझे चार कसे झाले तेही सांगतो. आमच्या विभागात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र नव्हतं. नमुने दुसऱ्या शहरात पाठवायचे, प्रत्येक नमुन्याचे पैसे भरायचे, दीड-दोन महिने वाट बघायची. गॅस क्रोमॅटोग्राफ वर्षभर बंद. फेलोशिप अडकली की नमुनेही घरीच. मोठ्या प्रयोगशाळेतला माझा मित्र मात्र यंत्र सांभाळतो म्हणून दहा जणांच्या पेपरांत सहलेखक होतो आणि ते दहा जण एकमेकांचे दाखले देतात. यात बेकायदा काही नाही. पण याला जन्मजात मेरिट म्हणू नका.

आपल्यातलेही काही जण पैसे भरून भलत्याच जर्नलात पेपर छापतात, तेही बोललं पाहिजे. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली. अशा पेपराने मुलाखतीत आपलीच मान खाली जाते.

यूजीसीची २०१८ ची नियमावली मात्र प्रत्येकाने वाचावी. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पेपरला प्रत्येकी दोन गुण, जास्तीत जास्त दहा, आणि तेही फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीतल्या कामगिरीवर. त्या तक्त्यात एच-इंडेक्सचा रकाना नाही.

मी माहितीच्या अधिकारात गुणपत्रक मागितलं. राखीव जागेसाठी आलेल्या पाचही जणांना प्रत्येक सदस्याने अगदी सारखे गुण दिले होते, आणि ‘अयोग्य ठरवण्याचे कारण’ या ओळीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तेवढी कोरी ओळ घेऊन मी अपिलात गेलो आहे. उरलेल्या चौघांपैकी दोघांचे फोन नंबर मिळाले, तेही सोबत आहेत. बाकी दोघांचा शोध चालू आहे.